डोंगराचे कान आणि पेन्सिल सेलचा हिशेब

३० जुलै २०१४ ची सकाळ. आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावाच्या रस्त्याने नेहमीप्रमाणे एसटी आली. चालकाने समोर पाहिले तर ओळखीची घरे जागेवर नव्हती. डोंगराचा मोठा भाग खाली उतरला होता आणि गावाच्या जागी चिखल होता. त्याने गाडी वळवली आणि ही खबर पुढे पोहोचवली. सुमारे दीडशे माणसे त्या मातीखाली गेली. इतक्या मोठ्या दुर्घटनेची बातमी जगाला कळली ती एका बसच्या चाकांवरून.

त्यानंतर २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी अशीच गाडली गेली. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला गेला : डोंगर खाली येण्याआधी काही सांगतो का? आणि सांगत असेल, तर ते ऐकणार कोण?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘बऱ्याचदा सांगतो’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधताना गेल्या पंचवीस वर्षांत विज्ञानाची एक वेगळीच शाखा उभी राहिली. छोटी, स्वस्त, बॅटरीवर चालणारी यंत्रे डोंगरभर पेरायची आणि त्यांनी एकमेकांच्या खांद्यावरून निरोप पुढे पाठवायचा. याला बिनतारी सेन्सर जाळे म्हणतात. कल्पना सोपी वाटते. पण सगळी कसोटी लागते ती एकाच ठिकाणी : आत बसवलेली बॅटरी किती दिवस पुरणार?

डोंगराच्या पोटातले पाणी

दरड कोसळते ती नुसत्या पावसाच्या वजनाने नव्हे. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. कोरड्या दिवसांत तिथे हवा असते आणि कण एकमेकांवर घट्ट टेकलेले असतात. त्यांच्या घर्षणामुळे उतार जागेवर राहतो. पाऊस सलग पडत राहिला की या पोकळ्या पाण्याने भरतात. वाट न मिळालेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि तो कणांना एकमेकांपासून सुटे करू लागतो. पकड सैल होते. एका क्षणी उताराचे वजन पकडीपेक्षा जास्त ठरते आणि डोंगर सुटतो.

म्हणजे मोजायचे काय हे ठरलेले आहे. जमिनीत बोअर घेऊन पाण्याचा दाब मोजणारा पिझोमीटर सोडायचा. उतार केसभरही कलला तर सांगणारा कलमापक लावायचा. मातीतला ओलावा मोजायचा आणि वर पर्जन्यमापक ठेवायचा. ही उपकरणे नवीन नाहीत. अडचण होती ती त्यांचे आकडे वेळेत खाली आणण्याची. मुसळधार पावसात, रात्री दोन वाजता, निसरड्या उतारावर वही घेऊन कोण चढणार?

केबल टाकली तर ती झाडे पडून तुटते, गुरांच्या पायाखाली येते, उतार हलला तर आधी तीच जाते. प्रत्येक उपकरणाला मोबाइलचे सिम द्यावे तर दऱ्याखोऱ्यांत रेंज नसते, आणि वीज गेली की टॉवरही काही तासांत गप्प होतो. म्हणून उपकरणांनीच आपसांत बोलावे, हा मार्ग निघाला.

केरळमधल्या इडुक्की जिल्ह्यात मुन्नारच्या अँटोनियार कॉलनीत हा प्रयोग प्रत्यक्ष उतारावर झाला. २००५ मध्ये तिथे दरड कोसळली होती. अमृता विद्यापीठाच्या मनीषा रमेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच उतारावर जाळे बसवले. २० बिनतारी नोड आणि त्यांना जोडलेले जमिनीतले डझनावारी सेन्सर. नोडकडून नोडकडे असे करत आकडे उताराच्या माथ्यावरच्या मुख्य केंद्राकडे जातात, तिथून वाय-फायने जवळच्या नियंत्रण खोलीत आणि पुढे उपग्रहामार्फत विद्यापीठाच्या संगणकावर. इशाऱ्याच्या तीन पायऱ्या ठेवल्या आहेत : प्राथमिक, मधली आणि ‘आता कोणत्याही क्षणी’. २००९ च्या पावसाळ्यात पाण्याचा दाब वाढताना दिसला, तेव्हा या यंत्रणेवरून लोकांना सावधही केले गेले.

ऐकत राहण्याची किंमत

आता बॅटरीकडे वळू. अशा नोडमध्ये सुरुवातीच्या काळात आपल्या घरातल्या घड्याळात असतात तसे दोन पेन्सिल सेल असत. चांगल्या सेलची क्षमता साधारण २५०० मिलिअँपिअर-तास धरता येते. प्रचलित रेडिओ चिप चालू असताना सुमारे २० मिलिअँपिअर वीज खाते. भागाकार केला तर १२५ तास. म्हणजे रेडिओ सतत चालू ठेवला तर पाच दिवसांत नोड मरतो. पावसाळा चार महिन्यांचा असतो.

यातली गंमत अशी की रेडिओला बोलताना जेवढी वीज लागते, जवळपास तेवढीच नुसते ऐकत बसायलाही लागते. माणसाला गप्प बसून ऐकणे फुकट असते. रेडिओला नाही. कोणी काहीच बोलत नसताना कान टवकारून बसलेला नोड आपली सगळी शिदोरी वाट पाहण्यातच संपवतो.

उपाय म्हणजे झोप. १०० सेकंदांपैकी एकच सेकंद रेडिओ चालू ठेवला तर त्याच सेलवर १२५ तासांचे १२,५०० तास होतात, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. झोपेतला किरकोळ खर्च आणि सेलची आपोआप होणारी झीज धरली तरी एक पावसाळा आरामात निघतो.

पण सगळेच झोपले तर निरोप कोण घेणार? बोलणारा आणि ऐकणारा एकाच वेळी जागे हवेत. त्यासाठी एक तर सर्वांनी ठरावीक वेळी उठायचे. यात घड्याळांचा घोळ होतो. स्वस्त क्रिस्टलचे घड्याळ दहा लाखांत वीस भागांनी चुकले तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. एकाच सेकंदासाठी उठणाऱ्यांच्या दृष्टीने ही चूक मोठी आहे, म्हणून मधूनमधून घड्याळे जुळवावी लागतात. दुसरी पद्धत दारावर थाप मारण्यासारखी आहे. ऐकणारा नोड काही क्षणांनी फक्त एकदा कान देतो आणि पुन्हा झोपतो. ज्याला बोलायचे आहे तो निरोपाआधी लांबलचक हाक देत राहतो, म्हणजे पुढच्या वेळी कान दिल्यावर ती ऐकू येतेच. पहिल्या पद्धतीत शिस्त लागते, दुसरीत बोलणाऱ्याचा खर्च वाढतो. क्वचित बोलणाऱ्या जाळ्याला दुसरी परवडते.

लांबची हाक की जवळचे टप्पे?

निरोप कोणत्या वाटेने न्यायचा, हा पुढचा प्रश्न. यालाच मार्गनिवड किंवा रूटिंग म्हणतात. रेडिओचा आवाज अंतर वाढले की झपाट्याने विरतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की चौपट शक्ती लागते. जमिनीलगत, झाडाझुडपांत तर याहूनही जास्त. त्यामुळे एका मोठ्या हाकेपेक्षा मध्ये दोन-तीन टप्पे घेणे स्वस्त पडते.

हा हिशेब मांडण्यासाठी २००० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी एक सोपे गणित वापरले. प्रत्येक बिटमागे रेडिओ चालवण्याचा ठरलेला खर्च ५० नॅनोज्यूल. तो बोलणाऱ्यालाही पडतो आणि ऐकणाऱ्यालाही. त्यावर अंतराचा खर्च वेगळा : अंतराचा वर्ग गुणिले ०.१ नॅनोज्यूल. या गणिताने ३०० मीटरवर थेट एक बिट पाठवायला ९०५० नॅनोज्यूल लागतात. तेच शंभर-शंभर मीटरचे तीन टप्पे केले आणि मधल्या दोघांचा ऐकण्याचा खर्चही धरला, तर ३२५० मध्ये काम होते. जवळजवळ तिसऱ्या हिश्शात.

मग आणखी लहान टप्पे केले तर आणखी बचत? इथेच बरेच जण फसतात. अंतर फक्त ३० मीटर असेल तर थेट निरोपाला १४० नॅनोज्यूल पुरतात. त्याचे दहा-दहा मीटरचे तीन तुकडे केले की खर्च २८० वर जातो, कारण प्रत्येक टप्प्यावर रेडिओ चालू करण्याचा ठरलेला खर्च बसतोच. रिक्षाचे मीटर पडले की पहिले भाडे द्यावेच लागते, तसे. म्हणून वाट शोधताना ‘जवळचा शेजारी’ एवढा एकच नियम चालत नाही. खूप लांब नाही आणि खूप जवळही नाही, असा टप्पा निवडावा लागतो.

दाराजवळच्या घराचे हाल

अशा टप्प्याटप्प्याच्या जाळ्यात एक अन्याय दडलेला असतो. सगळे निरोप शेवटी एकाच केंद्राकडे जातात. दूरच्या नोडला फक्त स्वतःचे आकडे पाठवायचे असतात. केंद्राच्या अगदी जवळच्या नोडला मात्र स्वतःचे आणि मागून आलेल्या सर्वांचे निरोप पुढे ढकलावे लागतात. त्याची बॅटरी सर्वांत आधी संपते. तो गेला की मागचे सगळे नोड जिवंत असूनही मुके होतात. बॅटरी भरलेली, सेन्सर नीट, पण निरोप जायला वाट नाही. सर्वांत कमी खर्चाची वाट सर्वांनी रोज वापरली की असे होते.

वर उल्लेख केलेल्या तिघांनी यावर सुचवलेली पद्धत ‘लीच’ या नावाने ओळखली जाते. गावात चोऱ्या वाढल्या की पोरे पाळीने गस्त घालतात. एकाच घराने रोज जागायचे नाही, आज एकाची पाळी, उद्या दुसऱ्याची. ‘लीच’मध्ये नोडांचे छोटे गट पडतात. प्रत्येक गटाचा एक म्होरक्या गटातले आकडे गोळा करतो, त्यांचा सारांश काढतो आणि केंद्राला कळवतो. काही वेळाने म्होरकेपण दुसऱ्याकडे जाते. भार वाटला जातो आणि सगळ्यांच्या बॅटऱ्या साधारण एकाच वेगाने उतरतात.

यातला सारांशाचा भागही महत्त्वाचा. शेजारशेजारच्या पाच नोडांनी ‘ओलावा तेवढाच आहे’ असे पाच वेळा सांगण्यापेक्षा म्होरक्याने एकदा सांगावे. रेडिओवर थोडासा मजकूर पाठवायला जेवढी ऊर्जा जाते, तेवढ्यात आतला प्रोसेसर लाखो आज्ञा पार पाडू शकतो. त्यामुळे ‘जागीच विचार कर, मोजकेच बोल’ हा या यंत्रांचा धर्म आहे.

या क्षेत्रातले एक सुरुवातीचे गाजलेले जाळे दरडींसाठी नव्हते, पक्ष्यांसाठी होते. २००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मेन राज्याजवळच्या ग्रेट डक बेटावर संशोधकांनी ३२ नोड बसवले. जमिनीतल्या बिळांत घरटी करणाऱ्या समुद्रपक्ष्यांना माणसाच्या वावराचा त्रास होऊ नये, म्हणून घरट्यांतले तापमान यंत्रांनी कळवायचे होते. प्रयोगशाळेत छान चाललेली यंत्रे पाऊस, दव आणि खाऱ्या वाऱ्यात कशी वागतात, हे तिथे कळले. नोडवर पाणी गेले की आकडे भलतेच येतात, आणि कागदावरचे आयुष्य प्रत्यक्षात कमी भरते.

पाऊस येतो तेव्हाच

दरडींच्या जाळ्यापुढची खरी परीक्षा तर याहून कठीण आहे. कोरड्या दिवसांत जाळ्याला काही काम नसते आणि सौर पॅनेल बॅटरी भरत असते. धोका वाढतो तो सलग पावसात. तेव्हा आकडे दर तासाऐवजी दर काही मिनिटांनी हवे असतात, म्हणजे खर्च वाढतो. नेमके त्याच दिवसांत आभाळ भरलेले असल्याने सौर पॅनेलकडून काही मिळत नाही. ओली पाने रेडिओचा आवाज शोषून घेतात, निरोप हरवतात आणि पुन्हा पाठवावे लागतात. कमाई शून्य, खर्च दुप्पट.

म्हणून मुन्नारसारख्या जाळ्यात नोडांचे वागणे पावसाप्रमाणे बदलते. पावसाने ठरावीक मर्यादा ओलांडली की ती जास्त वेळा मोजू लागतात. दाब वाढला की आणखी जास्त. एरवी जवळजवळ झोपून राहतात. उन्हाळाभर राखलेली ऊर्जा त्या चार वाईट रात्रींसाठी असते. घरातली म्हातारी माणसे पावसाळ्याची बेगमी करून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. ऊर्जा वाचवण्याचा हेतू पैसे वाचवणे हा नसतो. वेळ आली तेव्हा ऊर्जा हाताशी असावी, हा असतो.

चाकांवरचे जाळे

गाड्यांच्या जाळ्यात हा हिशेब उलटा होतो. गाडीला मोठी बॅटरी आणि इंजिन असते. तिथे विजेची चिंता नाही, चिंता वेळेची आहे. समोरासमोरून ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या दोन गाड्या सेकंदाला ३३ मीटरहून जास्त जवळ येतात. काही सेकंदांपूर्वी शोधलेली वाट आता शिळी झालेली असते. म्हणून तिथे आधी पूर्ण वाट आखण्याऐवजी ‘या क्षणी माझ्या आसपास जो निरोपाच्या ठिकाणाला सर्वांत जवळ आहे, त्याच्या हाती दे’ असा नियम वापरतात. प्रत्येक गाडीला जीपीएसमुळे स्वतःची जागा ठाऊक असते, म्हणून हे जमते. घाटातल्या वळणापलीकडे गाडी बंद पडली आहे, ही सूचना मागच्या गाड्यांना अशा जाळ्यातून दिसण्याआधीच मिळू शकते.

आणि जिथे शेजारी कोणीच नसेल तिथे? निरोप जवळ ठेवायचा, चालत राहायचे, कोणी भेटले की द्यायचा. २००३ च्या सुमारास कर्नाटकातल्या दोड्डबळ्ळापूर भागात हाच प्रयोग झाला. बसमध्ये वाय-फाय यंत्र बसवले होते. बस गावातून जाताना गावातल्या संगणकाकडचे अर्ज उचलायची आणि तालुक्याच्या गावी पोहोचल्यावर सोडायची. केनियात झेब्य्रांच्या गळ्यातल्या पट्ट्यांनीही हेच केले. दोन झेब्रे जवळ आले की त्यांचे पट्टे एकमेकांची माहिती उतरवून घेत. माळीणच्या एसटी चालकाने नेलेली खबर याच पद्धतीची होती. फक्त ती दरड कोसळल्यानंतर निघाली.

यंत्राच्या हद्दीपलीकडे

या जाळ्यांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. जाळे ज्या उतारावर आहे त्याच उताराचे ऐकते. मुन्नारपासून फार दूर नसलेल्या पेट्टिमुडी इथे ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री चहामळ्यातल्या कामगारांच्या वस्तीवर दरड कोसळली आणि ६० हून अधिक माणसे गेली. वीज आणि फोन बंद असल्याने ती खबर बाहेर पोहोचायला सकाळ झाली. सह्याद्रीत धोक्याचे उतार शेकड्यांनी आहेत. प्रत्येकावर बोअर घेऊन जाळे बसवणे महाग आहे. त्यामुळे भूवैज्ञानिक नकाशांवरून आधी कोणते उतार निवडायचे, हा निर्णय यंत्राआधीचा आहे.

तंत्र मात्र स्वस्त होत चालले आहे. लोरा नावाच्या रेडिओ पद्धतीत अगदी थोडा मजकूर, अगदी सावकाश, पण काही किलोमीटरपर्यंत पाठवता येतो. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय वापरता येतो. समोर आडवा डोंगर नसेल तर मधल्या टप्प्यांची गरजच उरत नाही. डोंगर आडवा असेल तर टप्प्यांचे जुने गणित पुन्हा उपयोगी पडते.

शेवटचा टप्पा रेडिओचा नसतो. रात्री इशारा आला, तर तो वाडीतल्या कोणाच्या फोनवर येणार? फोन बंद असेल तर भोंगा आहे का? बाहेर पडून जायचे कुठे, म्हाताऱ्यांना कोण उचलणार, गुरांचे काय? दोनदा घर सोडले आणि दरड आली नाही, तर तिसऱ्यांदा लोक उठतील का? इर्शाळवाडीला पक्का रस्ता नव्हता. मदतीला निघालेल्यांना अंधारात आणि पावसात डोंगर चढून जावे लागले. अशा वाडीसाठी आधी मिळालेला एक तासही मोठा असतो, पण तो तास वापरायची तयारी पावसाळ्याआधी झालेली हवी.

साखळीतला कोणताही एक दुवा झोपलेला राहिला तर मागच्या सगळ्यांची मेहनत वाया जाते. हा नियम नोडांना लागू आहे, तसाच तलाठी, सरपंच, पोलिसपाटील आणि गावकऱ्यांनाही. मे महिन्यात छपरांवर ताडपत्री चढते, तेव्हाच उतारावरच्या यंत्रांचे सेलही तपासले गेले आणि भोंगा एकदा वाजवून पाहिला गेला, तर जुलैतल्या एखाद्या रात्री डोंगराने दिलेली पहिली हाक ऐकायला कोणीतरी जागे असेल.